उकिरड्याची दैना

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मी उज्जैनला गेलो होतो. आत्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. तिला पाहून यावे, एवढाच हेतू. इंदूरहून निघालेली बस देवास गेटला थांबली. मराठी माणसाने या बसस्थानकावर उतरताना क्षणभर थांबावे, कारण त्याला राजाभाऊ महाकाळांचे नाव दिलेले आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांच्या गोळीने हुतात्मा झालेले राजाभाऊ याच उज्जैनचे. जवळच माधव कॉलेजची जुनी इमारत आहे. कॉलेज १८९० सालचे, शिंद्यांच्या कारकिर्दीतले. राणोजी शिंद्यांनी आपले ठाणे उज्जैनला केले तेव्हापासून या गावात मराठी घरे आहेत आणि आमच्या आत्याचे सासर त्यांपैकीच एक.

त्या दिवशी स्टॉलवरच्या सगळ्या हिंदी वर्तमानपत्रांत एकच विषय होता : पीथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून धार जिल्ह्यातील पीथमपूरला आणला गेला होता आणि तिथे लोक रस्त्यावर उतरले होते. मी दोन अंक घेतले. आत्याच्या डोळ्याला पट्टी, म्हणून बातम्या मोठ्याने वाचून दाखवल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाळू, आपल्या गंभीरचं पाणी खराब तर नाही होऊन जाणार?"

"होऊन जाणार" ही आमच्या माळव्याची मराठी. सात पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिल्यावर वाक्याची वळणे अशी एकमेकांत मिसळतात. परंतु प्रश्न अचूक होता. उज्जैनच्या नळाला येणारे बरेचसे पाणी गंभीर नदीवरील धरणाचे. हे धरण १९९२ च्या सिंहस्थाच्या सुमारास उभे राहिले. ही नदी उगम पावते महूजवळच्या जानापाव डोंगराच्या परिसरात. तिच्यावरच इंदूरला पाणी देणारा होळकरांच्या काळातील यशवंतसागर आहे. आणि पीथमपूरचा पट्टा त्याच बाजूला, वरच्या अंगाला. ऐंशी वर्षांच्या बाईने घरात बसून नदीचा नकाशा बरोबर मांडला होता. मी इतिहासाचा एम. ए. आणि शाळेचा मुख्याध्यापक. तरी तिला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

* * *

इतिहासाच्या माणसाचे आणि उकिरड्याचे नाते फार जुने आहे. राजवाडे पडतात, ताम्रपट वितळवले जातात. पण फुटलेली खापरे कोणी चोरत नाही. उज्जैनच्या गढकालिका भागात १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने एन. आर. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. मातीचा प्रचंड तट, त्याभोवतीचा खंदक आणि वस्तीत भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या कूपिका सापडल्या. सांडपाणी जमिनीत जिरवण्यासाठी पुरलेले मोठे रांजणही मिळाले. म्हणजे अशोक येथे राज्यपाल होता त्या सुमारास उज्जयिनीचा गृहस्थ आपले सांडपाणी आपल्याच अंगणात जिरवत होता. कौटिल्याने रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग आणि चिखलपाणी साचवणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे, तोही याच वृत्तीचा.

या सर्व काळातील केर कसला होता? राख, शेण, हाडे, भुसा, खापऱ्या. दोन हजार वर्षांनी आपण तो हाताने उकरतो आणि आपल्याला काही होत नाही. "उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते" ही म्हण अशाच उकिरड्याविषयी आहे. बारा वर्षे नव्हे, एका पावसाळ्यात त्याचे खत होत असे. म्हण खरी होती, कारण कचरा मरणधर्मी होता.

कचऱ्यासाठी आपल्याकडे दोन शब्द चालतात. महाराष्ट्रात "कचरा डेपो", माळव्यात "ट्रेंचिंग ग्राउंड". दुसऱ्या शब्दाला इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत नगरपालिका गावाबाहेर लांब चर खणून त्यात मैला आणि केर पुरत. काही महिन्यांनी त्याचे सोनखत होई आणि शेतकरी ते विकत घेत. चर म्हणजे ट्रेंच, म्हणून ट्रेंचिंग ग्राउंड. ती पुरण्याची जागा होती, तशीच उगवण्याचीही.

या विद्येत माळव्याने जगाला धडा दिला आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. १९२४ साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. १९३१ पर्यंत त्यांनी तेथे काडीकचरा, शेण, मूत्र, माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक काळाने खालीवर करून उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसवली. जगभर ती "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. त्यावरचा १९३१ सालचा ग्रंथ हॉवर्ड यांनी एकट्याने लिहिलेला नाही. सहलेखक म्हणून त्यावर यशवंत वाड यांचे नाव आहे. कचऱ्यातून काय उगवू शकते, हे ज्या मुलखाने जगाला शिकवले, त्याच मुलखात कचऱ्यातून काय झिरपू शकते, हा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांच्या आत उभा राहिला.

* * *

बदलले काय? शब्द तोच राहिला, चराच्या आतला माल बदलला. प्लॅस्टिक, बॅटरीचे सेल, रंगांचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधे, कीटकनाशकांच्या बाटल्या, मोबाइलचे सुटे भाग हे सारे भाजीच्या देठांबरोबर एकाच ढिगात जाऊ लागले. आणि मग त्या ढिगावर पाऊस पडला.

पाऊस कचऱ्यातून खाली उतरताना चहाच्या गाळणीत होते तेच होते : विरघळण्यासारखे जे असेल ते पाण्याबरोबर येते. तळाला जे काळे, उग्र वासाचे पाणी निघते त्याला शास्त्रज्ञ "लीचेट" म्हणतात. सुरुवातीच्या काळात ढिगातील ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि आम्ले तयार होतात. आंबट चटणी पितळेच्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, कारण आंबट धातूला खाते. ढिगातही तेच घडते. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांसारखे धातू आम्लाच्या पाण्यात सुटून येतात. त्याबरोबर अमोनिया आणि क्षार येतात, फिनॉल येतात, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने येतात. न चिकटणारी भांडी आणि पाणी न धरणारी कापडे यांत वापरलेली फ्लोरिनयुक्त रसायनेही येतात. ही शेवटची निसर्गात जवळजवळ कुजतच नाहीत.

थोडे गणित मांडून पाहू. उज्जैन परिसरात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर तो ३६ लाख लिटर होतो. त्याचा चौथा हिस्सा जरी ढिगातून खाली उतरला, तरी एकरी ९ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ९० टँकर, दरवर्षी. आता दुसरे गणित. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पाऱ्याची मर्यादा त्याच्याही दहावा हिस्सा. म्हणजे एक ग्रॅम शिसे एक लाख लिटर पाणी मर्यादेला नेऊन पोहोचवते आणि एक ग्रॅम पारा दहा लाख लिटर. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, कॅडमियम मूत्रपिंडावर. पाणी उकळून हे जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होते आणि धातू मागे उरतो.

माळव्याची जमीनही येथे साथ देत नाही. काळी माती ओली असताना पाणी अडवते हे खरे. पण उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते. खाली दख्खनचाच काळा पाषाण. त्यात पाणी सांध्यासांध्यांतून, चिरांतून वाहते. म्हणून एका विहिरीचे पाणी नासते आणि शंभर पावलांवरची दुसरी गोड राहते. या लहरीपणामुळे गावकऱ्याला वाटते की आपली विहीर सुटली. क्लोरिनयुक्त द्रावकांची आणखी एक खोड अशी की, ती पाण्यापेक्षा जड असतात. तेलासारखी वर तरंगत नाहीत, तळाशी जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. डोळ्याला पाणी स्वच्छच दिसते.

* * *

आता भोपाळकडे वळू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय घडले, हे वाचकांना सांगावयास नको. परंतु त्या कारखान्याची दुसरी गोष्ट वायूपूर्वीच सुरू झालेली होती. कारखाना १९६९ चा. तेव्हापासून आवारातच कीटकनाशकांचे अवशेष आणि डांबरी गाळ टाकला जात होता. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेस सुमारे १४ हेक्टरांवर तीन सौर तळी बांधली गेली. प्लॅस्टिकचे अस्तर घालून त्यांत रासायनिक सांडपाणी सोडायचे आणि उन्हाने ते आटू द्यायचे, अशी योजना. १९८२ पर्यंत तळी गळू लागल्याची नोंद कंपनीच्याच पत्रव्यवहारात झाली. म्हणजे वायू सुटण्याच्या दोन वर्षे आधी पाणी सुटलेले होते. वायूने एका रात्रीत मारले म्हणून जगाने पाहिले. पाणी सावकाश चालले होते म्हणून कोणी पाहिले नाही.

पुढची सनावळी वाचकांनी संथपणे वाचावी. १९९९ मध्ये ग्रीनपीसने कारखान्याच्या परिसरातील माती आणि पाणी तपासले, तेव्हा पारा आणि क्लोरिनयुक्त रसायने सापडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. पाणी बाधित झालेल्या वस्त्यांची मोजणी पुढे ४२ पर्यंत गेली. २००५ मध्ये आवारातील काही कचरा गोळा करून गोदामात भरला गेला. २००८ मध्ये त्यापैकी सुमारे ४० टन चुन्याचा गाळ पीथमपूरला पुरला गेला. २०१० मध्ये नागपूरच्या "नीरी" या संस्थेने कारखान्याच्या जागेतील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला.

उरलेला कचरा न्यायचा कोठे? गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचे ठरले होते. गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत तो जाळण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला. विदर्भात विरोध झाला आणि महाराष्ट्रानेही नकार दिला. २०१२ मध्ये जर्मनीला नेण्याची बोलणी झाली, तीही फिसकटली. प्रत्येक राज्य म्हणत होते, "आमच्याकडे नको." त्यांना दोष देणे सोपे आहे, पण आपल्या अंगणात कोण म्हणेल, "आणा"? अखेर २०१५ मध्ये पीथमपूरच्या भट्टीत दहा टनांची चाचणी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा भोपाळहून निघाला. १७३७ साली याच भोपाळला बाजीरावांनी निजामाला कोंडले होते आणि जानेवारी १७३८ च्या तहाने माळवा मराठ्यांकडे आला. एके काळी मुलूख जिंकण्यासाठी तुडवलेल्या या प्रदेशातून आता जाळण्यासाठी विष चालले होते. फेब्रुवारीअखेरपासून चाचण्या आणि मे-जूनमध्ये उरलेले काम, असे ३० जून २०२५ पर्यंत ते जाळून संपले. धुरातील उत्सर्जन मर्यादेत राहिल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले.

गोष्ट येथे संपली असे अनेकांना वाटले. परंतु दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जाळला तो ३३७ टन. जमिनीत अंदाजे ११ लाख टन. म्हणजे सव्वातीन हजार भागांतला एक भाग हलला. शिवाय जळण्याने रेणू मोडतात, धातू मोडत नाहीत. पारा धुराबरोबर निघतो म्हणून तो गाळून धरावा लागतो. बाकीचे राखेत उरतात. धूर धुण्यासाठी चुन्यासारखे पदार्थ घालावे लागत असल्याने राख आणि अवशेष मूळ कचऱ्याहून जास्त, आठशे टनांच्या वर झाले. ते पुन्हा पुरायचे, अस्तर घातलेल्या खड्ड्यात. भोपाळच्या तळ्यांनाही अस्तर होतेच. आजची अस्तरे अधिक जाड असतात, खाली घट्ट चिकणमातीचा थर आणि झिरपलेले पाणी उपसणाऱ्या नळ्या असतात, हे मान्य केले पाहिजे. पण खड्डा कितीही चांगला असला, तरी त्याची राखण किती वर्षे करायची? धातूला म्हातारपण नाही. राखणदार मात्र पाच वर्षांच्या निविदेवर नेमलेला असतो.

* * *

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हूकर नावाच्या रसायन कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जमीन अवघ्या एका डॉलरला विकली. घेणारे कोण? गावचे शाळामंडळ. तेथे शाळा उभी राहिली. पुढे १९७० च्या दशकातील ओल्या वर्षांत पाणी चढले आणि रसायने तळघरांत, अंगणांत वर आली. १९७८ मध्ये शाळा बंद झाली, कुटुंबे हलवावी लागली आणि १९८० मध्ये अशा जागा साफ करण्यासाठी अमेरिकेने खास कायदा केला. मी शाळेचा माणूस, म्हणून ही हकीकत वाचताना मला प्रथम ते मैदान दिसले आणि मधल्या सुट्टीतली मुले दिसली.

आपल्याकडे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माळावर दशकानुदशके पडला. विहिरींचे पाणी नासले, गावांना टँकरचे पाणी प्यावे लागले आणि गावकऱ्यांना वारंवार गाड्या अडवाव्या लागल्या. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यातून २००० साली देशाला शहरी घनकचऱ्याचे पहिले नियम मिळाले. उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. इंदूरच्या देवगुराडिया येथील ट्रेंचिंग ग्राउंडवर साठलेला तेरा लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा २०१८ मध्ये खणून, चाळून, वेगळा करून सुमारे शंभर एकर जमीन मोकळी केली गेली. हॉवर्ड आणि वाड यांच्या गावाला ते शोभले. घरगुती कचऱ्याच्या उकिरड्याची दैना फिटू शकते. मात्र त्यासाठी बारा वर्षे वाट पाहायची नसते, हात घालावा लागतो.

* * *

आता आत्याच्या प्रश्नाचे उत्तर. गंभीरचे पाणी खराब होईल का? पीथमपूरपासून उज्जैनच्या धरणापर्यंत अंतर मोठे आहे, मध्ये यशवंतसागर आहे, पावसाचे भरपूर पाणी मिसळते. उद्या सकाळी उज्जैनच्या नळाला विष येईल, असे म्हणणे म्हणजे लोकांना उगाच घाबरवणे होय. २०२५ मध्ये यशवंतसागराविषयी इंदूरच्या डॉक्टरांनी न्यायालयात भीती व्यक्त केली. ती तपासण्याचा मार्ग एकच, नियमित तपासणी आणि तिचे आकडे लोकांसमोर मांडणे.

परंतु आत्याला मी एवढेच सांगितले असते तर ते अर्धे उत्तर झाले असते. उज्जैनच्या नळाच्या आधी इंदूरचा नळ आहे. इंदूरच्या नळाच्या आधी तारपुरा आहे, भट्टीला लागून असलेले गाव. तेथील लोक भूजल बिघडल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. जे काही झिरपेल त्याचा पहिला पेला तारपुऱ्याचा.

आपल्या जुन्या गावांना कूस असे आणि कुसाबाहेर उकिरडा असे. त्या कुसाबाहेर कोणाला राहावे लागत होते, हे इतिहासाच्या कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याला माहीत आहे. शहरांनी कूस पाडले. पण "बाहेर" ही कल्पना तशीच ठेवली. मी वर्गात दरवर्षी विचारतो, "कचरा कुठे जातो?" मुले एका सुरात सांगतात, "बाहेर." देवास गेट हेही कधीकाळी गावाचे टोक, देवासच्या रस्त्याचे तोंड. आज शहर त्याच्या कितीतरी पलीकडे गेले आहे. कालचे बाहेर आज मधोमध आले. आजचे बाहेरही तसेच येणार आहे, एक तर घरे तिथे जातील, नाही तर तिथले पाणी घरात येईल.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. १९८४ नंतर उज्जैनने १९९२, २००४ आणि २०१६ असे तीन सिंहस्थ पाहिले. भोपाळच्या उकिरड्याची दैना तीन वेळा फिटायला हवी होती. चौथा २०२८ मध्ये आहे आणि ती अकरा लाख टन माती तोपर्यंत हलेल असे दिसत नाही. म्हण खोटी ठरली, कारण हा उकिरडा म्हणीतला नाही.

बलिप्रतिपदेच्या पहाटे आपल्या घरांतून बायका केर काढतात, सुपात भरून त्यावर पणती ठेवतात आणि "इडा पिडा टळो" म्हणत तो बाहेर नेऊन टाकतात. ही रीत मोडावी असे मी म्हणणार नाही. फक्त यंदा सुपात काय आहे ते पाहावे. संपलेले सेल, फुटलेली ट्यूब, पारा असलेला जुना थर्मामीटर, ढेकणांच्या औषधाची बाटली, मुदत संपलेल्या गोळ्या हे वेगळ्या डब्यात ठेवावे. २०१६ च्या नियमांनीच घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा असे सांगितले होते. पालिकेच्या गाडीने तो वेगळा घेतला नाही तर वॉर्डाच्या सदस्याला अर्ज द्यावा, मराठीत नाही तर हिंदीत, कानडीत, तेलुगूत, जी भाषा तेथील कचेरी वाचते तीत. आणि गावाच्या कचऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, एवढी मागणी करावी.

परत निघताना आत्याने देवास गेटपर्यंत नातवाला सोबत दिले. हातात पाण्याची बाटली होती, घरच्या नळाची. "गंभीरचं आहे," ती म्हणाली, "अजून तरी गोड आहे." बस इंदूरच्या रस्त्याला लागली तेव्हा मी ते पाणी प्यायलो. गोड होते. तारपुऱ्याच्या विहिरीचेही तसेच राहावे, म्हणजे उज्जैनच्या नळाची काळजी वेगळी करावी लागणार नाही.